कात्री कुणाच्या हाती?

वैमानिकांचा पगारावरून तंटा झाल्याची बातमी आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांत पहिला उद्गार ठरलेला असतो : 'लाखांनी पगार घेतात, यांना आणखी काय हवे?' उद्गार स्वाभाविक आहे. ज्याने आयुष्यभर महागाई भत्त्याच्या दोन-चार टक्क्यांची वाट पाहिली, त्याला कॅप्टनसाहेबांच्या पगारकपातीचे दुःख व्हावे अशी अपेक्षा करणे जरा जास्तच झाले. तरीही हा तंटा एकदा नीट समजून घ्यावा असे मला वाटते. एक तर त्यात प्रश्न रकमेचा कमी आणि वाटणीचा अधिक असतो; आणि वाटणीचा प्रश्न बँकेत, कारखान्यात, शाळेत, इतकेच काय, चार भावांच्या एकत्र घरातही तोच असतो. दुसरे कारण अगदी स्वार्थाचे आहे. त्या विमानात मागे आपण बसलेलो असतो, आपली मुले-नातवंडे बसलेली असतात.

विमान कंपनीत वैमानिक दोन प्रकारचे असतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पहिला तो 'लाइन पायलट'. रोस्टरमध्ये नाव लागेल तसे त्याने उडायचे. त्याच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी बांधलेला असतो. दुसरा तो 'मॅनेजमेंट पायलट' किंवा आपल्याकडचा रूढ शब्द वापरायचा तर 'एक्झिक्युटिव्ह पायलट'. हाही वैमानिकच. परवाना तोच, गणवेश तोच. पण त्याला एक खुर्चीही असते. कुणी ताफ्याचा प्रमुख, कुणी प्रशिक्षणाचा, कुणी उड्डाण-सुरक्षेचा. तो काही दिवस विमान चालवतो आणि काही दिवस विमान चालवणाऱ्यांना चालवतो. रजा मंजूर करायची, मेमो द्यायचा, ठरावीक काळाने सहकाऱ्याच्या कौशल्याची परीक्षा घ्यायची, ही कामे त्याच्याकडे. संघटनेचे दार मात्र त्याला बहुधा बंद झालेले असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या शब्दाची व्याख्या करताना मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणाऱ्याला त्यातून वगळले होते, आणि बढतीबरोबर माणूस त्या रेषेच्या पलीकडे जातो असे आपण तेव्हापासून धरून चाललो आहोत. माणूस पलीकडे जातो खरा, पण पोहोचतो कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने २००९ च्या दसऱ्यात पाहिले. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ साली विलीनीकरण झाले होते. त्याआधी दोघींनी मिळून १११ नव्या विमानांची मागणी नोंदवलेली होती, कर्जाचा डोंगर वाढत होता, आणि २००८-०९ या एका वर्षाचा तोटा पाच हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. २००९ च्या जूनचा पगारही पंधरवडाभर लांबला. मग सप्टेंबरात कंपनीने उत्पादकतेशी जोडलेल्या प्रोत्साहन भत्त्याला कात्री लावायचे ठरवले. हा भत्ता नावाला प्रोत्साहनाचा असला, तरी अनेकांच्या मासिक मिळकतीचा तो मोठा हिस्सा होता. ही कात्री अधिकारीवर्गावर चालली, आणि त्या वर्गात एक्झिक्युटिव्ह पायलटही आले. २६ सप्टेंबरपासून या वैमानिकांनी सामूहिक 'आजारपणाची रजा' घेतली. ऐन दसऱ्याच्या सुमारास उड्डाणे रद्द होत गेली. सरकारच्या आश्वासनानंतर ३० सप्टेंबरला ते कामावर परतले.

या घटनेतला विरोधाभास तेव्हा फारसा कुणी लक्षात घेतला नाही. एरवी संघटनेचा संप झाला की ज्यांच्या भरवशावर कंपनी उरलीसुरली उड्डाणे चालवते, तेच हे लोक. धरणातून पाणी सुटेल म्हणून ज्या भिंतीवर विसंबायचे, ती भिंतच आजारी पडली. का पडली? लाइन पायलटच्या पाठीशी संघटना होती, करार होते. कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्याच्या वेतनात बदल करायचा तर आधी नोटीस द्यावी लागे, वाटाघाटी कराव्या लागत. अधिकाऱ्याला एक परिपत्रक पुरते. म्हणजे कपात सर्वात आधी तिथे झाली जिथे ती करणे सर्वात सोपे होते. न्याय्य कुठे आहे, यापेक्षा सोपे कुठे आहे हे पाहून फिरणारी कात्री पुढे कुणालाच सोडत नाही.

ही मधल्या माणसाची अवस्था मला बँकेतल्या नोकरीमुळे थोडीफार कळते. आमच्याकडेही दोन जाती होत्या : 'अवॉर्ड स्टाफ' म्हणजे कारकून, रोखपाल, शिपाई, आणि 'ऑफिसर'. कारकुनांचा संप असला की ते फाटकाबाहेर घोषणा देत आणि आम्ही अधिकारी आत बसत असू. बाहेरच्यांपैकी कुणीतरी जाता-जाता म्हणे, 'साहेब, बसा तुम्ही आत. आमचा करार झाला की वाढ तुम्हालाही मिळणारच आहे.' त्यात टोमणा होता आणि सत्यही होते; कारकुनांच्या कराराच्या मागोमाग अधिकाऱ्यांचाही करार होत असे. पण त्याच बँकेत एक शहाणी पद्धतही होती. तिजोरीला दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी मुख्य रोखपालाकडे. एकट्या साहेबाला ती उघडता येत नसे आणि एकट्या रोखपालालाही येत नसे. दोघांचे पटो न पटो, सकाळी दोघांनी शेजारी उभे राहून आपापली किल्ली फिरवल्याशिवाय बँकेचा दिवस सुरू होत नसे. विमानाच्या कॉकपिटमध्येही दोन माणसे असतात. त्या दोघांमध्ये पगाराच्या कात्रीने काय होते, हा खरा विषय आहे.

आता जरा हिशोब करू. बँकेतली सवय. करोनाच्या साथीत, २०२० च्या जुलैमध्ये, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने पुन्हा कपात केली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यांना हात लावला नाही. कात्री इतर भत्त्यांवर चालली. सर्वसाधारण अधिकाऱ्यांचे भत्ते पन्नास टक्क्यांनी कमी झाले, वैमानिकांचे उड्डाणाचे भत्ते चाळीस टक्क्यांनी. कागदावर पाहिले तर वैमानिकांवर मेहेरनजरच झाली असे वाटेल. पण समजा, दोन माणसांना प्रत्येकी शंभर रुपये मिळतात. अधिकाऱ्याच्या शंभरात ऐंशी पगार आणि वीस भत्ते. वैमानिकाच्या शंभरात तीस पगार आणि सत्तर भत्ते. अधिकाऱ्याच्या विसातले निम्मे गेले, म्हणजे दहा रुपये. वैमानिकाच्या सत्तरातले चाळीस टक्के गेले, म्हणजे अठ्ठावीस. टक्केवारी कमी आणि खड्डा जवळजवळ तिप्पट. शिवाय विमानेच जमिनीवर उभी असताना तासांचे पैसे आणखी आटले ते वेगळेच. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे, आणि वैमानिकांच्या दोन्ही संघटनांनी तेव्हा जो आवाज उठवला त्याचे मूळ या गणितातच होते. पगाराच्या पावतीवरची टक्केवारी आणि घरात येणारी रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गृहिणीला सांगावे लागत नाही. कंपनीच्या वित्त विभागाला मात्र ते दर वेळी नव्याने सांगावे लागते.

त्याच साथीत इंडिगो या खासगी कंपनीने मार्च २०२० मध्ये कपातीची एक शिडीच जाहीर केली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची कपात पंचवीस टक्के, वरिष्ठ उपाध्यक्षांची वीस, उपाध्यक्ष आणि वैमानिक पंधरा, केबिन कर्मचारी दहा, आणि सर्वात खालच्या दोन श्रेणींना शून्य. जितके वर, तितके अधिक. पगारकपात गोड कुणालाच लागत नाही, पण ही शिडी समजते तरी. पुढे जुलैत तिचे आकडे वाढले : मुख्याधिकारी पस्तीस, वरिष्ठ उपाध्यक्ष तीस, वैमानिक अठ्ठावीस आणि उपाध्यक्ष पंचवीस. वाचकांनी शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहावेत. मार्चमध्ये ज्या पायरीवर उपाध्यक्ष आणि वैमानिक शेजारी उभे होते, तिथून चार महिन्यांत उपाध्यक्ष जरा बरे राहिले. तीन टक्क्यांचाच फरक. पण कुठल्याही कचेरीत असे तीन टक्के लोकांच्या लक्षात राहतात.

'लाखांनी पगार' या शब्दांमागे आणखी एक हिशोब दडलेला असतो. वैमानिक होण्याचा खर्च आज कित्येक लाखांत जातो. परवाना आणि त्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण धरले तर मध्यमवर्गीय बापाला घाम फुटेल असा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. हे तारण म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांचे राहते घर. मुलगा किंवा मुलगी उजव्या आसनावर, म्हणजे सहवैमानिक म्हणून बसते, तेव्हा त्या घराचे हप्ते सुरू झालेले असतात, आणि ते हप्ते महिन्याला किती तासांचे पैसे नक्की मिळणार या हमीवर बेतलेले असतात. २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा कंपनीने एअर इंडियातल्या विलीनीकरणापूर्वी नवी वेतनरचना आणली, तेव्हा ही हमी सत्तर तासांवरून चाळीसवर आली. झळ विशेषतः सहवैमानिकांना लागणार होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उड्डाणांमागून उड्डाणे रद्द होऊ लागली आणि कंपनीला आपले वेळापत्रक कमी करावे लागले. डाव्या आसनावरच्या ज्येष्ठ कॅप्टनचे घर तोवर फिटलेले असते. उजव्या आसनावरचे घर गहाण असते. एकच परिपत्रक, पण ते दोन आसनांवर दोन वेगळ्या वजनांनी पडते.

व्यवस्थापनाची बाजूही ऐकली पाहिजे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा भाव तिच्या हातात नसतो, विमानांचे भाडे परकीय चलनात ठरलेले असते, विमानतळाचे शुल्क दुसराच कुणी ठरवतो. हाताशी राहते ती पगाराची रक्कम. आणि कपात नाकारल्याने नोकरी वाचतेच असेही नाही. जेट एअरवेजने २०१८ च्या उन्हाळ्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत कपातीचा प्रस्ताव मांडला, वैमानिकांनी तो नाकारला, कंपनीने तो मागे घेतला. पुढे पगारच थकू लागले, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे तिचे शेवटचे ठरले. कंपनी बुडाली ती वैमानिकांच्या नकारामुळे नव्हे. तिचे कर्ज आणि तिचे व्यवहार त्याआधीच हाताबाहेर गेले होते. पण बुडत्या बोटीत कुणीच आपले ओझे कमी करायचे नाही, हेही काही शहाणपण नव्हे. तेव्हा कपात नकोच, असे मी म्हणत नाही. कपात कुणापासून सुरू होते आणि कुणासमोर मोजली जाते, एवढाच माझा मुद्दा आहे.

त्याची दोन उदाहरणे परदेशांतली आहेत आणि दोन्ही बोलकी आहेत. २००३ साली अमेरिकन एअरलाइन्स दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. एप्रिलमध्ये तिच्या तीन प्रमुख संघटनांनी वर्षाला सुमारे १६२ कोटी डॉलरच्या सवलती मान्य केल्या. त्यात वैमानिकांचा वाटा ६६ कोटींचा होता. मतदान उरकले आणि लगोलग उघडकीस आले की, कंपनीने मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नोकरीत टिकून राहण्यासाठी मोठे बोनस देऊ केले होते, आणि दिवाळे निघालेच तर अधिकाऱ्यांचे निवृत्तिवेतन सुरक्षित राहावे म्हणून वेगळा निधीही बाजूला ठेवला होता. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक नसेल. पण खालचे ताट अर्धे करताना वरच्यांनी आपली वाटी पदराखाली झाकली, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. बोनस रद्द झाले, माफी मागून झाली, तरी २४ एप्रिलला मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना जावे लागले. संघटनांनी तडजोडी करून सवलती टिकवल्या आणि कंपनी त्या वर्षी वाचली. पैसे वाचले; विश्वास मात्र पुढची कित्येक वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर परतला नाही.

दुसरे उदाहरण जपानचे. जपान एअरलाइन्सचे अध्यक्ष हारुका निशिमात्सु यांनी २००७ च्या सुमारास स्वतःचा पगार इतका खाली आणला की तो त्यांच्याच वैमानिकांपेक्षा कमी झाला. ते बसने कचेरीत येत, कँटीनमध्ये रांगेत उभे राहून जेवत. म्हणून कंपनी वाचली का? नाही. जानेवारी २०१० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. साहेबाने बसने यावे की कंपनी नफ्यात येते, इतके जग सोपे नाही. पण नंतरचे पाहा. सत्तरी ओलांडलेले उद्योगपती काझुओ इनामोरी पगार न घेता अध्यक्ष झाले, हजारो नोकऱ्या गेल्या, निवृत्तांच्या पेन्शनलाही कात्री लागली, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात उभी राहिली. एवढे कठोर औषध लोकांनी का घेतले, याची अनेक कारणे असतील. देणाऱ्याने आधी स्वतः घोट घेतला होता, हे त्यातले एक असावे असे मला वाटते.

आता कॉकपिटकडे वळू, कारण वाचकाचा जीव तिथे गुंतलेला आहे. विमान सुरक्षित राहते त्याचे एक मोठे कारण असे की, तिथे कनिष्ठाने वरिष्ठाला अडवणे अपेक्षित असते. 'सर, हे बरोबर वाटत नाही,' हे वाक्य उजव्या आसनावरून वेळेवर यावे लागते. ते आले नाही तर काय होते, हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर जगाने पाहिले. धुक्याने वेढलेल्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमच्या विमानाचे कॅप्टन होते याकोब फान झांटेन : कंपनीच्या जंबो विमानांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख, तिच्या जाहिरातींतला चेहरा. म्हणजे आपल्या भाषेत मॅनेजमेंट पायलट. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची त्या विमानासाठीची परीक्षा त्यांनीच काही काळापूर्वी घेतलेली होती. पुढचे विमान अजून धावपट्टीवर असेल का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरने काढली. ती झटकली गेली, आणि पुन्हा कुणी विचारले नाही. त्या अपघाताचा पगाराशी काही संबंध नव्हता. धुके होते, रेडिओवरचा गोंधळ होता, परतायची घाई होती. पण खुर्चीचे वजन कॉकपिटमध्ये आले की शेजारच्याचा आवाज किती बारीक होतो, हे त्याने कायमचे दाखवून दिले. कॉकपिटमधल्या संवादाचे जे शिक्षण आज सर्वत्र दिले जाते, त्याच्या मुळाशी असे अपघात आहेत.

आता कल्पना करा. शुक्रवारी ज्याच्या सहीने तुमची मिळकत घटल्याचे पत्र आले, शनिवारी त्याच्याच शेजारी बसून तुम्हाला उडायचे आहे; आणि पुढच्या महिन्यात तोच तुमची परीक्षा घेणार आहे. तुम्ही त्याच्याशी भांडणार नाही, तुम्ही प्रशिक्षित आहात. पण गरजेपेक्षा एक शब्द कमी बोलाल, एवढी भीती पुरेशी आहे. दोष त्या अधिकाऱ्याचाही नाही. वरचे त्याला म्हणतात, तू आमचा; खालचे म्हणतात, तू आमचा होतास. इकडे आड आणि तिकडे विहीर.

म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये टाटांच्या ताब्यात गेलेल्या एअर इंडियात जे झाले, ते मला पैशांच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. नव्या वेतनरचनेत हमीच्या तासांचा वाद तर होताच. पण चार वर्षांहून अधिक काळ कमांडर असलेल्यांना 'सीनिअर कमांडर' करून व्यवस्थापनात धरायचे, असेही त्यात होते. संघटनांनी याला तीव्र हरकत घेतली. अनुभवी माणसे आमच्यातून काढून घेण्याचा हा मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. दीड हजारांवर वैमानिकांनी थेट रतन टाटांकडे अर्ज केला. कंपनीचा हेतू कदाचित ज्येष्ठांना मान देण्याचाही असेल. पण उद्या निम्मे वैमानिक व्यवस्थापन झाले, तर व्यवस्थापन या शब्दाला अर्थ तरी काय उरतो? मान द्यायचा तर तो पगाराने द्यावा, जबाबदारीने द्यावा; नुसत्या नावाने दिलेल्या मानाची पावती २००९ च्या एक्झिक्युटिव्ह पायलटांनी दाखवून ठेवली आहे. जे नाव माणसाचा आवाज काढून घेते आणि कपातीच्या दिवशी त्याला पहिल्या रांगेत उभे करते, ते बढतीचे नाव नव्हे.

मग करावे काय? विमानविद्येत मला गती नाही, पण खातेवहीपुरते सांगतो. कपात करायचीच तर ती टक्केवारीत न मोजता घरी जाणाऱ्या रकमेत मोजावी. ती वरून सुरू व्हावी, आणि वरच्यांचे आकडे खालच्यांना आधी दिसावेत. करार झाल्यावर वर्तमानपत्रातून नव्हे. तिला मुदत असावी, आणि कर्मचाऱ्याने सोडलेला पैसा खात्यावर मांडून ठेवावा. चांगले दिवस आले की तो परत कसा मिळणार हे त्या दिवशीच लिहून द्यावे. कर्ज देताना बँक जे कर्जदाराकडून लिहून घेते, ते कर्मचाऱ्याने कंपनीकडून घेतले तर बिघडले कुठे? आणि शेवटचे, पण सर्वात निकडीचे : जो पगाराच्या वाटाघाटी करतो त्याने सहकाऱ्याची उड्डाण-परीक्षा घेऊ नये. या दोन किल्ल्या एकाच खिशात असता कामा नयेत.

आपण प्रवासी मात्र तिकिटाचा भाव पाहतो आणि खिडकीची जागा मागतो. त्यात गैर काही नाही. फक्त पुढच्या वेळी असा तंटा पेपरात वाचला, तर 'यांना आणखी काय हवे' असे विचारण्याआधी 'कात्री कुणाच्या हाती आहे, आणि तिने पहिला कपडा कुणाचा कापला' एवढे विचारावे. प्रश्न परक्यांचा वाटतो. पण बंद दाराआड बसलेली ती दोन माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत असणे, ही आपल्या घरची गरज आहे.